रात्रभर जागणारा मुलगा : मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनाचे एक प्रकरण

मुलगा सोळा वर्षांचा. सात महिने तो मेथॅम्फेटामाइन, म्हणजे 'मेथ' हे झोप उडवणारे उत्तेजक, घेत होता आणि त्यांतले पहिले चार महिने घरात त्याचे कौतुकच चालले होते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे. दारू पिऊन आलेला मुलगा वासावरून पकडला जातो. गांजा ओढणाऱ्याचे डोळे लाल होतात, तो सुस्तावतो. मेथ घेणारा मुलगा मात्र सुरुवातीला पहाटेपर्यंत पुस्तक उघडून बसतो, सांगितलेले काम चटचट उरकतो, बारीक होतो, मोकळेपणाने बोलतो. दहावी-अकरावीच्या मुलाकडून आईवडिलांना आणखी काय हवे असते? म्हणून माझे पालकांना आणि शिक्षकांना सांगणे असते, की वास, डोळे, खिशातले पैसे हे सगळे नंतर बघा. आधी मूल किती झोपते ते बघा.

उत्तर गोव्यात शाळेतल्या आणि उच्च माध्यमिकच्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना जी मुले भेटली, त्यांच्यापैकी काहींच्या हकिकती एकत्र गुंफून हे प्रकरण मांडले आहे. नाती, व्यवसाय, घटनांचा क्रम बदलला आहे. औषध, शरीर आणि कायदा यांबद्दलचे तपशील बदललेले नाहीत.

घर आणि सुट्टी

डिचोली तालुक्यातले गाव. वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. बँकेचे हप्ते थकले, शेवटी ट्रक विकावा लागला. आता वडील दुसऱ्याची टॅक्सी चालवतात. मोपाच्या विमानतळावरची भाडी असल्यामुळे घरी येण्याजाण्याला वेळकाळ नाही. आई अंगणवाडीत मदतनीस, आजी घरी, थोरली बहीण नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाहेर. घरात बोलणे कोकणीतून, देवापुढचे भजन-आरती मराठीतून, मुलाची प्राथमिक शाळाही मराठी. गावच्या भजनी मंडळात मुलगा पखवाज वाजवायचा. बरा वाजवायचा, असे मंडळातले जुने लोक सांगतात.

मामाचा हरमलच्या बाजूला भाड्याने स्कूटर देण्याचा धंदा आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर मुलगा सुट्टीत मामाकडे गेला. चार पैसे मिळतील, कामाची सवय लागेल, असा घरच्यांचा सरळ विचार. त्यात गैर काहीच नव्हते. किनाऱ्यालगतच्या गावांतली कितीतरी मुले सुट्टीत हेच करतात. काम म्हणजे सकाळी गाड्या धुवायच्या, पेट्रोल बघायचे, गिऱ्हाइकाचे लायसन्स तपासून किल्ली द्यायची. अडचण रात्रीची. पार्टीला गेलेले गिऱ्हाईक पहाटे तीन-चारला गाडी परत करायला येते, तोपर्यंत कोणीतरी जागे राहावे लागते. हे काम भाच्याकडे आले.

तिथेच कामाला असलेल्या, वयाने सात-आठ वर्षांनी मोठ्या मुलाने त्याला पहिली पुडी दिली. फुकट. सांगितले एवढेच, की याने झोप येत नाही. "त्या रात्री मी आठ गाड्या धुतल्या, हिशेबाची वही नव्याने लिहून काढली आणि सकाळी थकलो नव्हतो. मला वाटले, मी असाच असायला हवा होतो," असे मुलाने पुढे मला सांगितले. मौज म्हणून नव्हे, काम करता यावे म्हणून त्याने ते घेतले होते. मेथच्या बाबतीत हे वारंवार दिसते. परीक्षेसाठी, रात्रपाळीसाठी, वजन उतरावे म्हणून मुले त्याकडे वळतात आणि म्हणूनच 'मी नशा करतो' असे स्वतःला म्हणायला त्यांना बराच वेळ लागतो.

या पदार्थाचा इतिहासही झोप उडवण्याचाच आहे. १८९३ मध्ये नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने इफेड्रिनपासून तो तयार केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्याच्या गोळ्या वाटल्या गेल्या. युद्ध संपल्यावर जपानमध्ये उरलेला साठा लोकांच्या हाती गेला, व्यसनाची साथ पसरली आणि १९५१ मध्ये तिथे त्यावर कडक कायदा करावा लागला.

मुलगा त्याला कधी 'क्रिस्टल' म्हणायचा, कधी 'एमडी'. किनाऱ्यावर एमडी म्हणून विकली जाणारी पूड पुष्कळदा मेफेड्रोन असते, एमडीएमए हे वेगळे रसायन आणि मेथ आणखी वेगळे. पुडीत नेमके काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, विकणाऱ्यालाही असेलच असे नाही. याच्या पुडीत मेथ होते, हे पुढे लघवीच्या तपासणीत निघाले.

कोकेनचा अंमल तासाभरात ओसरू लागतो. मेथचे तसे नाही. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दहा ते बारा तास लागतात. रात्री आठला घेतलेल्या मेथपैकी निम्मे सकाळी सहाला, मुलगा वर्गात जायची तयारी करतो तेव्हाही, अंगात असते. मेंदूतल्या पेशींमध्ये साठवलेले डोपामिन हे रसायन मेथ एकदम बाहेर सोडायला लावते आणि परत आत घेण्याचा रस्ताही अडवते. इच्छा, हुरूप, समाधान या सगळ्यांशी डोपामिनचा संबंध आहे. सोळाव्या वर्षी मेंदूचा हा भाग पुरता जागा असतो, पण थांबण्याचा, पुढचे बघण्याचा जो भाग कपाळामागे असतो तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. मोठ्या माणसापेक्षा मुलाला हे व्यसन लवकर जखडते, ते यामुळे.

गुण म्हणून पाहिलेली लक्षणे

जूनमध्ये अकरावी विज्ञानला प्रवेश झाला. मामाकडची नोकरी संपली, पण शनिवार-रविवारची ये-जा सुरू राहिली. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात चांगले गुण मिळाले. आईने शेजारी सांगितले, की पोर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते. शाळेच्या पँटची कंबर शिंप्याकडून एकदा आत घेतली, दोन महिन्यांनी पुन्हा घेतली. उंची वाढते तेव्हा मुले बारीक होतातच, असे आजी म्हणाली. ताटातले शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, तसेच राहायचे. विचारले तर, बाहेर खाल्ले.

चवथीला त्याने एकट्याने रात्रभर बसून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळांनी सजवतात ती चौकट, बांधली. कांगलां, सुपाऱ्यांचे घोस, आंबाडे, नारळाच्या पेंडी, सगळे इतके नेटके की गणपतीला आलेला प्रत्येक पाहुणा मान वर करून बघत राहिला. वडिलांनी त्याचा फोटो नातेवाइकांना पाठवला. या फोटोत मुलगा बाजूला उभा आहे. तो मी पाहिला आहे. गालफडे बसलेली, ओठ फुटलेले, जबडा घट्ट आवळलेला. आज बघताना हे लगेच नजरेत भरते, त्या दिवशी सगळ्यांची नजर माटोळीवर होती.

मग दिवाळी आली. गोव्यात नरकासुराच्या आधीच्या आठ-पंधरा रात्री वाड्यावाड्यावर मुले जागी असतात. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, रंग. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळेपर्यंत कोणी कोणाला झोपायला सांगत नाही. जत्रेच्या रात्री, दशावतारी नाटकाच्या रात्री हेच. आपल्याकडे जागरणाला मान आहे आणि तो असावाही. मात्र बाकीची मुले नरकासुर जाळून घरी आली, अभ्यंगस्नान करून पोहे खाऊन दुपारी घोरत पडली. हा मुलगा त्या दुपारीही झोपला नाही. त्याने स्कूटरचा कार्बोरेटर सोडवून अंगणात मांडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. जोडायचा, सोडवायचा, पुसायचा. एकच निरर्थक काम तासन्‌तास करत राहणे हे मेथच्या जास्त वापराचे ओळखीचे लक्षण आहे.

या दोन सणांच्या मध्ये एक माणूस खरोखर जवळ पोचला होता. दाढ दुखते म्हणून आई त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी पाहिले, की दाढांचे माथे घासून सपाट झाले आहेत, तोंडाला कोरड आहे आणि हिरड्यांलगत कीड लागली आहे. मेथमुळे लाळ आटते, रुग्ण नकळत दात करकरतो, घसा सुकतो म्हणून गोड थंड पेये पितो, आणि काही महिन्यांत दातांची माती होते. डॉक्टरांनी आईला विचारले, "हा झोपतो का नीट?" आई अभिमानाने म्हणाली, "नाही हो, अभ्यास असतो." प्रश्न योग्य होता. उत्तर ऐकून तो तिथेच सोडून दिला गेला.

शाळेत वर्गशिक्षिकेला सप्टेंबरपासून फरक जाणवत होता. मुलगा सोमवारी गैरहजर असायचा, मंगळवारी बाकावर डोके टेकून गाढ झोपायचा, बुधवारी अकारण भांडायचा. हा क्रम दर आठवड्याला तसाच. शनिवार-रविवारी मेथ, सोमवारपासून उतार. शिक्षिकेने तारखा हजेरीपटाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवल्या होत्या. पुढे डॉक्टरांना सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो त्या तारखांचा.

तुळशीच्या लग्नाआधीचे चार दिवस

ऑक्टोबरपासून सलग तीन-चार दिवस घ्यायचे आणि मग दीड दिवस मेल्यासारखे पडायचे, असे चक्र सुरू झाले होते. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नाच्या आधी त्याने चार रात्री डोळा मिटला नाही. तिसऱ्या रात्री आजीला खुडबुड ऐकू आली. बघते तर हा पेचकस घेऊन भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडत होता. आत कॅमेरा आहे, किनाऱ्यावरची माणसे आपल्याला बघतात, असे म्हणाला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने आधीच चिकटपट्टी लावली होती. हातांवर नखांनी ओरबाडून काढलेल्या खपल्या होत्या, कारण कातडीखाली किडे फिरतात असे त्याला वाटत होते. अंगणातून कोणीतरी त्याचे नाव घेऊन हाका मारते, असेही.

आजीला वाटले, देवचार लागला, म्हणजे भुताने झपाटले. दुसऱ्या दिवशी घाड्याला, म्हणजे बाधा उतरवणाऱ्या जाणत्याला, बोलावले, गाऱ्हाणे घातले, देवळात कौल लावला. गाऱ्हाण्याने मुलाचे काही वाईट झाले नाही, आणि घाबरलेल्या घराला त्याचा धीर मिळाला असेल, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. धोका होता तो त्यात गेलेल्या दीड दिवसाचा. त्या काळात मुलगा पळून जाईल म्हणून त्याला माडीवरच्या खोलीत कोंडले, खिडक्या लावल्या. तो दारावर धडका देऊ लागला तेव्हा मामाने आणि वडिलांनी त्याला खाटेवर दाबून धरले. अंग तापले म्हणून पॅरासिटामॉल दिली.

यातली प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी झाली, आणि प्रत्येक गोष्ट घातक होती. मेथचा ताप संसर्गाचा नसतो. स्नायू सतत ताणलेले, शरीर सतत चालू, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. बंद खोली आणि दाबून धरणे याने तो आणखी चढतो. झटापटीत स्नायू तुटू लागतात, त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात अडकते. वडिलांनी मला सांगितले, की त्या संध्याकाळी त्याची लघवी काळ्या चहासारखी होती. ती बघितल्यावर ते घाबरले आणि त्यांनी १०८ ला फोन केला. मेथच्या मृत्यूंमध्ये ही उष्णता, हृदयाचा बिघडलेला ठेका आणि मेंदूतला रक्तस्राव ही मुख्य कारणे असतात. सोळाव्या वर्षीही हे होऊ शकते.

अशा वेळी घरात करता येण्यासारखे थोडेच असते, पण ते मोलाचे असते. खोली हवेशीर आणि मंद उजेडाची ठेवावी. एकाच माणसाने, हळू आवाजात, समोर न ठाकता बोलावे. वाद घालू नये, 'कॅमेरा नाहीच' हे सिद्ध करायला जाऊ नये. अंग ओल्या कपड्याने पुसावे, पंखा लावावा, शुद्धीवर असेल तर पाणी द्यावे, आणि रुग्णवाहिका बोलवावी.

वॉर्डात

रुग्णालयात आणले तेव्हा नाडी १३० च्या पुढे होती, रक्तदाब चढलेला, ताप १०२ च्या वर. सलाईन, अंग थंड करणे, लोराझेपामने शांत करणे, ईसीजी, मूत्रपिंडाच्या तपासण्या हे आधी झाले. डॉक्टरांनी मेंदूज्वर आणि थायरॉइडचा विकार नाही ना, हेही तपासले. लघवीच्या चाचणीत मेथ सापडले. संशय आणि भास यांसाठी कमी मात्रेत ओलान्झापिन सुरू केले.

मग तो झोपला. पहिले दोन दिवस जवळजवळ सलग. उठायचा, पाव आणि केळी अधाशासारखी खायचा, परत झोपायचा. आई घाबरून नर्सना विचारत होती, की औषध जास्त झाले का. ते औषधाचे नव्हते, सात महिन्यांचे साठलेले होते. चौथ्या दिवशी आवाज थांबले, आठवड्याने कॅमेऱ्याचा विषय त्यानेच काढला आणि "मला तसे का वाटत होते?" असे विचारले. मेथमुळे झालेला भ्रम बहुतेकांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत निवळतो. काहींत रेंगाळतो, आणि काहींत तो पुढच्या कायमच्या मानसिक आजाराची सुरुवात ठरतो. एकदा भ्रम होऊन गेलेल्याला पुढच्या वेळी थोड्याशा मेथनेही, कधी कधी नुसत्या जागरणानेही, तो परत होऊ शकतो. हे मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगितले गेले.

मुलगा अठरा वर्षांखालचा असल्याने मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवले होते आणि वडील पूर्ण वेळ सोबत राहिले. टॅक्सीचे भाडे बुडत होते, तरी राहिले. या दिवसांत बापलेकांत जे बोलणे झाले ते आधीच्या दोन वर्षांत झाले नव्हते, असे दोघेही वेगवेगळे म्हणाले.

आईने डॉक्टरांकडे एकच मागणे धरले होते : ही सवय सोडवणारी गोळी द्या. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर औषधे आहेत, मेथच्या व्यसनावर अजून मान्यताप्राप्त औषध नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत नाल्ट्रेक्सोनची इंजेक्शने आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र दिल्यावर १३.६ टक्के रुग्णांत गुण दिसला, दिखाऊ औषधावर २.५ टक्के. तीही प्रौढांवरची चाचणी. म्हणजे या मुलासाठी उपचार होता तो माणसांचा, वेळेचा आणि सवयीचा.

पोलिसांची भीती

घर इतके दिवस गप्प का राहिले, याचे अर्धे उत्तर लाज आणि अर्धे पोलीस. ऑक्टोबरमध्येच वडिलांना मुलाच्या दप्तरात मेथ ओढायची काळवंडलेली काचेची नळी सापडली होती. त्यांनी ती फोडून शेतात पुरली आणि कोणाला सांगितले नाही. रुग्णालयात गेलो तर पोराला थेट आत टाकतील, ही त्यांची समजूत. अशी समजूत मला घरोघरी भेटते आणि तिने मुलांचे फार नुकसान केले आहे.

उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्याच कायद्यात आहे. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, यातही कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मेथच्या बाबतीत अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमपासून पुढे. ही दुसरी रेषा मुलांना माहीत असावी असे मला कळकळीने वाटते. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि एवढा गंभीर गुन्हा असेल तर सोळा पूर्ण झालेल्या मुलावर, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढासारखा खटला चालू शकतो. मिसळलेल्या भेसळीसकट पूर्ण वजन धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केले आहे. 'ही पिशवी तेवढी पोचव' म्हणणारा मोठा माणूस मुलाच्या हातात काय देतो, ते यावरून कळावे.

या प्रकरणातल्या मुलालाही तसे पोचवायला सांगितले गेले होते. पुडी फुकट मिळणे जूनमध्येच थांबले होते. उधारी चढली, आणि ती फिटावी म्हणून त्याने दोन-तीनदा पुड्या पोचवल्या. हे त्याने वॉर्डात नाही, दीड महिन्याने सांगितले, तेही खाली बघत. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये मुलाला अमली पदार्थ देणे कलम ७७ खाली आणि त्याच्याकडून ते वाहून नेणे, विकणे कलम ७८ खाली गुन्हा आहे. दोन्हींना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क असल्याने कुटुंबाला जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. त्यांनी सगळे मेसेज जपून ठेवायला सांगितले. तक्रार करायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. आईला करायची आहे. वडिलांना मामाच्या धंद्याची आणि मुलाच्या जिवाची काळजी आहे. मला आईचे पटते, पण किनाऱ्यावर उद्या त्यांना राहायचे आहे, मला नाही.

डिस्चार्जनंतर

घरी आल्यावर सगळ्यांना वाटले, संकट टळले. माझ्या मते खरे जोखमीचे महिने तिथून सुरू झाले. मुलगा दहा-अकरा तास झोपायचा, जेवायचा, टीव्हीसमोर बसायचा. चिडचिड नाही, भास नाही, काहीच नाही. डिसेंबरात भजनी मंडळाने त्याला बोलावले. तो गेला, पखवाज घेतला, ठेका चुकला नाही. परत आल्यावर मला म्हणाला, "सर, हात वाजवतात. नाद ऐकू येतो. पण आत काही होत नाही." वडिलांना हे समजावताना डॉक्टरांनी त्यांच्या कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, विहिरीचा दाखला दिला : पंप लावून रात्रभर उपसली तर सकाळी घागरीत गाळच येतो, झऱ्यांना भरायला वेळ द्यावा लागतो. मेंदूच्या प्रतिमांवरच्या अभ्यासांत दिसले आहे, की वर्षभराहून अधिक लांब राहिल्यावर डोपामिनची यंत्रणा बरीच सावरते. बरीच, पूर्ण नव्हे. स्मरणशक्तीच्या चाचण्या तितक्या वेगाने सुधारत नाहीत.

या काळात आत्महत्येचे विचार येतात. त्याला आले. जानेवारीतल्या एका रात्री तो आईला म्हणाला, "मी नसतो तर तुमचे बरे झाले असते." आईने ते वाक्य झटकून टाकले नाही, रडारडही केली नाही. त्याच्या शेजारी बसून तिने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावला, तिथे चोवीस तास कोणीतरी असते, आणि सकाळी त्याला घेऊन रुग्णालय गाठले. घरातली कीटकनाशकाची बाटली आणि आजीच्या गोळ्या त्याच रात्री शेजारी ठेवायला दिल्या. या प्रकरणात कोणी एखादे काम अगदी बरोबर वेळी, अगदी बरोबर केले असेल, तर ते त्या माउलीने.

उपचाराचा मुख्य भाग फारच साधा होता, म्हणूनच तो गळी उतरायला जड गेला. आठवड्यातून दोनदा लघवीची चाचणी. निकाल स्वच्छ आला की बक्षीस, आणि सलग स्वच्छ आल्यास रक्कम थोडी थोडी वाढत जाणार. एकदा चुकले की पुन्हा पहिल्या पायरीपासून. शिक्षा नाही, ओरडा नाही. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात आजवर जे उपाय अभ्यासले गेले त्यांत याचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत. वडील भडकले. "चोरी न केल्याबद्दल मी पोराला पैसे देऊ?" त्यांचा राग मला समजतो. पण ज्या मेंदूला आज नाद ऐकून काही वाटत नाही, त्याला 'पाच वर्षांनी तू चांगला माणूस होशील' हे आमिष पोचत नाही. शनिवारी टर्फवर तासभर फुटबॉल खेळायचे पैसे पोचतात. मामा म्हणाला, पैसे मी देतो. त्याला काय टोचत होते ते सगळ्यांना माहीत होते, कोणी बोलून दाखवले नाही.

चाचणीच्या कागदावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही याच काळात कळले. फेब्रुवारीत एका निकालात मेथ दिसले. मुलगा शपथा घेत होता, वडिलांनी दोन दिवस तोंड फिरवले. डॉक्टरांनी विचारले, सर्दीची गोळी घेतली होती का? घेतली होती, तिच्यात स्यूडोइफेड्रिन होते. साध्या पट्टीच्या चाचणीला असे पदार्थ चकवू शकतात. प्रयोगशाळेत नमुना पाठवून खात्री केली, मेथ नव्हते. वडील त्या दिवशी स्वतः त्याला टर्फवर सोडायला गेले.

मार्चमध्ये, शिगमोच्या (गोव्यातल्या शिमग्याच्या) दिवसांत, मात्र खरी घसरण झाली. मामाच्या गावी मिरवणूक बघायला गेला, तिथे तो जुना मुलगा भेटला. एकदाच घेतले. त्या रात्री पुन्हा हाका ऐकू आल्या, आणि तो घाबरून पहाटे पाचला स्वतःच वडिलांना उठवायला गेला. व्यसनमुक्तीत अशी घसरण पुष्कळदा होते. नोव्हेंबरात जे कळायला सात महिने लागले ते मार्चमध्ये एका रात्रीत कळले, आणि सांगणारा तो स्वतः होता. बक्षिसाची शिडी पहिल्या पायरीवर आली. त्यावर त्याने वाद घातला नाही.

सध्या

अकरावीचे वर्ष त्याने पुन्हा केले. विज्ञान सोडले, वाणिज्य घेतले, तेही स्वतःच्या मनाने. एका जागी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचता येत नाही, म्हणून चाळीस मिनिटांनी उठतो. ओलान्झापिन डॉक्टरांनी हळूहळू बंद केले आहे. दोन दाढांचे रूट कॅनॉल झाले, एक काढावी लागली. सर्दीची गोळी घेण्याआधी आता तो पाकिटावरची नावे वाचतो. झोपायची आणि उठायची वेळ तो वहीत लिहितो आणि रविवारी आई सही करते. सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचे ठरले आहे.

या वर्षी नरकासुराला जायचे की नाही, यावर घरात बराच खल झाला. आजी नको म्हणत होती. डॉक्टरांनी मध्यम मार्ग सुचवला. सांगाडा आणि मुखवटा करायचे काम त्याने दुपारी करावे, रात्री अकराला घरी यावे, आणि चतुर्दशीला पहाटे चारला वडिलांनी उठवून जाळायला न्यावे. मुखवटा त्याच्याकडेच आला आहे. वाड्यावरच्या मुलांना तो एवढेच सांगतो, की मला रात्री झोपायचे आहे, आणि त्यांनी अजून कारण विचारलेले नाही.